ड्रायर थंड पडला की आधी ज्योत बघा

ड्रायर फिरतोय पण कपडे ओलेच निघतायत, असं झालं की बहुतेक जण अंदाजाने एखादा पार्ट मागवून मोकळे होतात. कुणी सांगतं इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, गेला असणार, कुणी थर्मोस्टॅटवर बोट ठेवतं. गॅसवरचा ड्रायर असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, काहीही मागवण्याआधी त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि बर्नर पेटतो कसा ते बघा. विजेवरच्या ड्रायरचा हीटर गेला की बाहेरून काही कळत नाही, मीटर लावावाच लागतो. गॅसवरचा मात्र आपलं दुखणं डोळ्यांदेखत दाखवतो.

बर्नर असतो तळाशी. पुष्कळ मॉडेलांना पुढच्या बाजूला खाली एक पॅनल असतं, ते क्लिपांवर बसवलेलं असतं. काहींना नुसतं बघण्यापुरतं छोटं झाकण असतं. पॅनल काढताना प्लग काढलेला हवा. ज्या मॉडेलात पुढचं अख्खं पॅनल ड्रमला आधार देतं, तिथे ते उतरवून मशीन चालवायचं नाही. खालचं पॅनल निघालं की आधी आत साठलेली लिंट, म्हणजे कपड्यांची ती राखाडी लव, व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग प्लग लावा, खोलीतला दिवा मालवा आणि ड्रायर जास्त तापमानावर सुरू करा. केस बांधलेले, बाह्या वर, हात बाहेर. आत बेल्ट फिरत असतो.

पहिल्यांदा मोटर आणि तिच्याबरोबर पंखा सुरू होतो. मग इग्नायटर तापायला लागतो. बऱ्याच ड्रायरमध्ये हा सिलिकॉन कार्बाइडचा बोटभर तुकडा असतो. आधी मळकट तांबडा, मग नारिंगी, मग बघवणार नाही इतका पांढरट. अर्धा-एक मिनिट तो असा रसरसत राहतो. त्याच्या शेजारी, बर्नरच्या नळीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला ती धग लागली की आतला संपर्क सुटतो. 'खट्' असा आवाज येतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, इग्नायटर विझतो आणि तो अजून लाल असतानाच 'भप्प' करून निळी ज्योत नळीत आडवी पसरते. हे मी कितीही वेळा पाहिलं तरी प्रत्येक वेळी छान वाटतं.

इग्नायटर का विझतो, हे समजून घेण्यासारखं आहे. व्हॉल्व्हवर तो उघडणारी तारेची दोन वेटोळी, म्हणजे कॉइल, असतात. सेन्सर थंड असताना सगळा प्रवाह त्याच्यातून इग्नायटरकडे जातो आणि त्यांतल्या दुसऱ्या कॉइलला काहीच मिळत नाही. सेन्सर सुटला की प्रवाहाला त्या कॉइलमधूनच जावं लागतं. कॉइलचा रोध हजार ओहमच्या वर, इग्नायटरचा त्यामानाने किरकोळ. त्यामुळे जवळजवळ सगळं व्होल्टेज कॉइल घेते, व्हॉल्व्ह उघडतो आणि इग्नायटरच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे गॅस सुटतो तो इग्नायटर पुरेसा तापला आहे याची खात्री पटल्यावरच. मध्येच ज्योत विझली तर सेन्सर थंड होऊन पुन्हा जुळतो, गॅस बंद होतो आणि इग्नायटर नव्याने तापायला लागतो. यात एकही चिप नाही. दोन धातूंचा संपर्क आणि तांब्याची तार यांच्यावर ही सुरक्षा उभी आहे, आणि ज्याने ही जोडणी पहिल्यांदा आखली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हा क्रम डोक्यात असला की बिघाड शोधणं सोपं होतं. इग्नायटर तापलाच नाही तर प्लग काढून मल्टिमीटर घ्या. गोल इग्नायटर थंड असताना साधारण 50 ते 400 ओहमच्या दरम्यान दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर इग्नायटर तुटला आहे. बारीक तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. तो ठीक निघाला तर सेन्सर, थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा उडणारा) आणि बर्नरवरचा हाय-लिमिट थर्मोस्टॅट (उष्णता मर्यादेबाहेर गेली की बर्नर बंद करणारा) तपासा. हे तिन्ही थंड असताना शून्याच्या जवळ असायला हवेत. इग्नायटर तापून तसाच लाल राहिला आणि विझलाच नाही, तर सेन्सर चिकटला आहे. आणि इग्नायटर तापला, विझला, पण ज्योत आली नाही, तर बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हवरच्या कॉइलचा असतो. गॅसची चावी कुणी बंद केलेली नाही ना, हे मात्र त्याआधी बघायचं.

मध्यंतरी ताईचा फोन आला. "अरे, पहिला लोड अगदी कडक वाळतो आणि दुसरा गारच निघतो. दुपारभर थांबून लावला की परत चालतो. एकजण इग्नायटर बदलून गेला, तरी तेच." मी म्हटलं, "ताई, आता काही बदलू नकोस. सकाळी पहिला लोड लाव, आणि दुसरा लावलास की खालचं पॅनल काढून मला व्हिडिओ कॉल कर." दुसऱ्या लोडला तिने फोन जमिनीवर टेकवून धरला. अंधारात लाल ठिपका उजळत गेला, पांढरा झाला, विझला, आणि पुढे काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताई म्हणाली, "हा तर तापतोय की रे नीट! मग मेला पेटत का नाही?"

कारण इग्नायटरचा यात काही संबंधच नव्हता. व्हॉल्व्हवर दोन कॉइल असतात, एकीला दोन पिना आणि दुसरीला तीन. आतली तार केसासारखी बारीक. वर्षानुवर्षं तापून-निवून ती कुठेतरी कमकुवत होते. थंड असताना टोकं जुळलेली असतात, म्हणून पहिल्यांदा सगळं सुरळीत चालतं. मशीन तापलं की टोकं सुटतात आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. अशी कॉइल थंडपणी मीटरवर तपासली तर अगदी निर्दोष आकडा दाखवते, आणि म्हणूनच नुसत्या मीटरवर भरवसा ठेवणारा माणूस इथे फसतो. बघत बसणाऱ्याला मात्र ती लगेच सापडते.

कॉइल बदलताना गॅसची एकही जोडणी उघडावी लागत नाही. प्लग काढायचा, गॅसची चावी बंद करायची, म्हणजे तिची मूठ पाइपला आडवी, पिनांचे कनेक्टर ओढायचे, वरची पत्र्याची पट्टी दोन स्क्रू काढून उचलायची आणि दोन्ही कॉइल उपसून नव्या बसवायच्या. एक गेली असली तरी जोडीने बदलाव्या, कारण दुसरीनेही तितकीच उष्णता सोसलेली असते. ताईने हे सगळं स्वतः केलं. व्हॉल्व्हचं मूळ अंग, नैसर्गिक गॅसवरून एलपीजीवर जायचं असेल तर बदलावं लागणारं नोझल, गॅसचा दाब, ही कामं परवानाधारक माणसाची. तिथे मी स्वतःही हात घालत नाही.

आता हवेचं. खरं तर ड्रायरच्या निम्म्याहून अधिक तक्रारी उष्णतेच्या वाटतात आणि निघतात हवेच्या, असा माझा अनुभव आहे. हेही ज्योतीवरून ओळखू येतं. हवा मोकळी वाहत असेल तर ओल्या कपड्यांच्या लोडला ज्योत बराच वेळ सलग जळते, मग थर्मोस्टॅट तिला बंद-चालू करतो. ज्योत पेटून थोड्याच वेळात विझत असेल, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा थोडीशी, असं चाललं असेल तर डक्ट, म्हणजे गरम हवा घराबाहेर नेणारी नळी, तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. गरम हवा बाहेर पडायला वाट नाही, म्हणून हाय-लिमिट थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो. याकडे दुर्लक्ष केलं की एक दिवस थर्मल फ्यूज उडतो. काही मॉडेलांत मग फक्त आग बंद होते, काहींत मोटरसुद्धा सुरू होत नाही. फ्यूज एकदाच वापरायचा असतो, परत जुळत नाही. डक्ट साफ न करता नवा फ्यूज टाकला तर तोही उडणार.

गॅसच्या ड्रायरमध्ये हा डक्ट नुसत्या वाफेची वाट नसतो. घरगुती ड्रायरचा बर्नर ताशी 20 ते 22 हजार बीटीयू, म्हणजे सुमारे 6 किलोवॅट उष्णता देतो, आणि त्या जळलेल्या गॅसचा सगळा धूर त्याच नळीतून घराबाहेर जातो. नळी मागून निसटली किंवा तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला ना वास ना रंग. म्हणून तुंबलंय का ते बघायला डक्ट सोडवून मशीन चालवायची युक्ती गॅसवर वापरू नका, हवा घरातच सोडणारे लिंटचे डबे तर अजिबात लावू नका, आणि ड्रायर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. आगीचा धोका वेगळाच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या वर्षांचा हिशेब मांडला होता. तिथे घरांमध्ये ड्रायरच्या वर्षाला अंदाजे 2,900 आगी लागत होत्या, आणि कारणांमध्ये पहिला नंबर होता साफसफाई न करण्याचा, 34 टक्के.

डक्ट 4 इंच व्यासाचा, कडक पत्र्याचा असावा. प्लास्टिकचा नको, आणि घड्या पडलेला पातळ फॉइलचाही नको, त्या घड्यांतच लिंट अडकते. सांधे धातूच्या चिकटपट्टीने बंद करा. आत टोक येईल असा स्क्रू मारला की त्याच्याभोवती लव गुंडाळत जाते. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत डक्टची लांबी साधारण 35 फुटांपर्यंत धरतात आणि काटकोनी वळणामागे त्यातले 5 फूट वजा करतात. मात्र कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण. बाहेरच्या तोंडावर पक्षी येऊ नयेत म्हणून कुणी जाळी ठोकली असेल तर ती काढा. ती आठवड्या-आठवड्याला बुजत जाते. झडप असलेलं तोंड लावा, आणि ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन ती झडप पूर्ण उघडते का ते बघा.

लिंटची जाळी दर लोडला सगळेच साफ करतात. पण ड्रायर शीट, म्हणजे कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रममध्ये टाकायचा कागदासारखा तुकडा, वापरत असाल तर जाळीवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार पडलं तर ठीक, वर थांबून राहिलं तर साबण आणि मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवा. तोच थर ड्रममधल्या ओलावा मोजणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही चढतो आणि ड्रायर कपडे ओले असतानाच थांबतो. त्या पट्ट्या रबिंग अल्कोहोलने पुसल्या की काम होतं.

आवाजांचं थोडक्यात. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा बेल्ट ताणणाऱ्या पुलीचा, धडधड मागच्या रोलरची, आणि पुढून खरवडल्यासारखं ऐकू आलं तर ड्रमखालच्या घसरपट्ट्या झिजल्या. तेल सोडू नका, त्यावर लिंट चिकटते. पार्ट बदला.

ज्योत निळी हवी. ती पिवळी, लोळासारखी दिसायला लागली तर बर्नरला हवा कमी पडतेय, बहुतेक वेळा लिंटमुळेच. साफ करूनही रंग सुधारला नाही तर माणूस बोलवा. मशीन जागेवरून हलवलं असेल तर गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, काडी ओढून कधीच नाही. गॅसचा वास भरला असेल तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

मशीन हलवण्याबद्दल मात्र एक अपवाद. घर जुनं असेल आणि मागे वरून लेप नसलेली, पितळी रंगाची लवचिक गॅसनळी असण्याची शंका असेल, तर ड्रायर पुढे ओढून बघायला जाऊ नका. त्या नळ्या जुन्या झाल्यावर वाकवताना तुटू शकतात, अगदी थोड्या हलवण्यानेही. परवानाधारक माणसाला बोलवा, आणि तो आला की नवी नळीच टाकायला सांगा.