तुम्ही विचारलंत म्हणून : कोडला हात का लावत नाही

चोपड्याला आलो की कुणीतरी विचारतंच. कधी मुख्याध्यापक, कधी एखाद्या मुलाचे वडील. मागच्या महिन्यात तर बसस्टँडवर वर्गमित्रानेच गाठलं: "पुण्याहून एवढा येतोस, जन्म सॉफ्टवेअरमध्ये गेला, मग पोरांना दोन ओळी लिहून द्यायला काय होतं? मेंटॉर कशाला म्हणवतोस?"

आधी हे सांगून टाकतो की मी काही त्याग करत नाही. आई इथेच असते, यायचंच असतं. कंपनीच्या वार्षिक फॉर्मात 'स्वयंसेवेचे तास' असा रकाना आहे, तो मी न चुकता भरतो. अटल टिंकरिंग लॅब म्हणजे सरकारी योजनेतून शाळेत उभी राहिलेली, मुलांनी स्वतः उपकरणं बनवून बघायची खोली; तिच्या मेंटॉरला मानधन नसतं हे खरं, पण म्हणून 'फुकट येतो आणि वर नखरे करतो' हे ऐकून घ्यायचं? लागतं ते मला. लागू नये, हेही कळतं.

दोन ओळी एकदा लिहून दिल्या होत्या.

नववीतली मुलगी. घरी केळी, ठिबकवर. तिचं म्हणणं सरळ होतं: "मोटारीला ऑटो बसवलाय. लाइट आली की मोटार चालू. रात्री दोनला आली तर दोनला. जमिनीला पाणी हवंय का, ते ऑटोला कुठे कळतं, सर?" म्हणून मातीत सेन्सर. तिने शेतातली काळी माती घराच्या धाब्यावर वाळवली, पाच डब्यांत भरली, खोकल्याच्या औषधाच्या मापाने प्रत्येकात कमीजास्त पाणी घातलं. सेन्सर ज्या छोट्या बोर्डाला जोडतो तो आर्डुइनो ० ते १०२३ मधला आकडा दाखवतो. आमच्या सेन्सरचा आकडा माती सुकेल तसा चढायचा. एकेका डब्यातली माती वडिलांच्या चिमटीत देऊन ती विचारायची, "आता पाणी द्याल का?" त्यातून तिने आकडा काढला, ४३०. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकुमाने पंप चालू-बंद करणारा स्विच, टकटक करायला लागला. आकडा ४२९, ४३१ असा हलायचा आणि पंप चालू-बंद, चालू-बंद. याचा इलाज ठरलेला आहे: पंप चालू करायचा आकडा वेगळा, बंद करायचा वेगळा, मधे अंतर. तिला नुसतं विचारलं असतं तरी तिने तो शोधला असता. हे आता म्हणतोय. तेव्हा सात वाजले होते, मुलींना घरी पोचायचं होतं आणि मला बोर्ड चालू हवा होता. मी तो घरी नेला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला आणि कोड नव्याने लिहिला. आकडे टाकले ६०० आणि ४५०. कुठले? पुण्यातल्या माझ्या बाल्कनीतल्या कुंडीचे. कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या भुशाचे; मातीचे नव्हेतच.

सकाळी जळगावला जाताना क्रूझरमध्ये तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. "सर, ४३० कुठे गेला?"

"चालतंय ना आता? नंतर सांगतो."

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, ६०० का? ती म्हणाली, "ते सरांनी टाकलं. माझं ४३० होतं. ६०० होईपर्यंत आमची जमीन भेगाळते." आणि वही उघडून दाखवली. परीक्षक माझ्याकडे बघून हसले, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निवड झाली नाही, ते सोडा. परतताना तिची जोडीदारीण फुणफुणत होती, "तुले काय गरज व्हती सरनं नाव लेवानी?" पुढच्या सीटवरून शिक्षकांनीही सुनावलं: सर एवढे लांबून येतात, काही रीतभात? तापीचा पूल येईपर्यंत हे चाललं. ती खाली मान घालून वहीची पिशवी धरून बसली होती. मी खिडकीशी. 'चूक माझी आहे' एवढं म्हणायचं होतं. वाटलं, उतरल्यावर म्हणू. उतरल्यावर तिचे वडील मोटारसायकल घेऊन आले होते. पुढच्या वर्षी ती लॅबमध्ये आली नाही. दहावी होती म्हणून, असं मी धरून चाललोय.

तेव्हापासून हात लावत नाही. याला कुणी तत्त्व म्हटलं की मला बरं वाटतं, म्हणून मी दुरुस्त करत नाही.

पण यंदा आठवीतल्या तिघांचा बझर प्रदर्शनात वाजलाच नाही. वायर उलटी होती आणि मला ती आदल्या दिवशी दिसली होती. "शोधतील त्यांचं ते," म्हणत मी चहा पीत बसलो. एकाचे वडील म्हणाले, "दिसत होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?" कोड लिहून देणं वेगळं आणि 'वायर बघा रे' म्हणणं वेगळं, हे त्यांना कळतं, मला का कळू नये? पण 'वायर बघा' म्हटलं की बोट पुढे जातं, बोटामागून हात. माझा मला भरवसा नाही. हे कारण आहे की सबब, ते त्यांना सांगता आलं नाही.

परवा नव्या मुलींनी कपाटातून तो जुना बोर्ड काढला. कोडमध्ये ६०० तसाच. "सर, हा आकडा कुठला?"

म्हटलं, "तो खोडा. तुमच्या शेतातली माती आणा."

"पण टाकला कोणी?"

मी वायरी गुंडाळत राहिलो.