सतरंज्या हळू गुंडाळा

संक्रांत झाली की आमच्या अंगणात सतरंज्या उन्हाला पडायच्या. दादा मंडळाचे चिटणीस, त्यामुळे व्याख्यानमालेचं सगळं सामान आमच्याच माळ्यावर. सतरंज्या, पाहुण्यांचं तांब्या-फुलपात्र आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. अंबाजोगाईत शाळेच्या पटांगणावर तीन संध्याकाळी हा कार्यक्रम व्हायचा. तिकीट नाही, देणगीची पेटी नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ ज्या गावात मुख्याध्यापक होते, तिथं विचार ऐकायला पैसे पडू नयेत, असं दादा म्हणायचे. विचारवंत नरहर कुरुंदकर १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच वारले. व्याख्यान ही केवढी मोलाची गोष्ट, हे त्यांच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नसे.

काय घडलं ते पेपरात येतंच, त्यात न्याय कुठला ते इथं बोलायचं, असा मंडळाचा नेम होता. २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पुढच्या वर्षीचा विषय ठरवायला बैठकही घ्यावी लागली नाही. पाणी आधी उसाला की हंड्याला? त्या संध्याकाळी बागायतदार आणि नळाच्या रांगेत रात्र काढलेल्या बाया एकाच सतरंजीवर होत्या. आवाज चढले, पण कुणी उठून गेलं नाही. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

त्याच्या काही वर्षं आधी एक डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर खडूनं दोनच आकडे लिहिले : ८९४ आणि ८०७. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती, याचे हे आकडे. पहिला २००१च्या जनगणनेचा, दुसरा २०११चा. लिंगनिदान करायचं नाही असा कायदा १९९४चा, म्हणजे दोन्ही आकडे कायद्यानंतरचे. बाई म्हणाल्या, ‘सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर एकटा नसतो. बाहेरच्या बाकावर सासू असते, नवरा असतो. औंदा तरी पोरगा होऊ दे म्हणणारे आपणही तिथंच असतो.’ पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मी डबा फिरवला. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचायची, अगदी मंडळाला शिव्या घातलेली असली तरी, ही दादांची शिस्त. त्या दिवशी एका चिठ्ठीशी ते थांबले. वहीचा फाडलेला कोपरा होता, पेन्सिलीनं लिहिलेला. त्यांनी तो न वाचता बाईंच्या हातात दिला. बाईंनी वाचून घडी घातली आणि माईकवर सांगितलं, ‘याचं उत्तर मी खाली येऊन देते. सतरंज्या उचलेपर्यंत मी इथंच आहे.’

आम्ही पोरं सवयीनं सतरंज्यांना भिडलो, तेवढ्यात दादा मागून आले. ‘हळू गुंडाळा रे. ती शेवटची राहू द्या.’

त्या सतरंजीच्या कडेला तिघीचौघी बाया डोक्यावरून पदर घेऊन डॉक्टर बाईंजवळ बसल्या होत्या. चिठ्ठी त्यांच्यातल्या कुणाची, कळायला मार्ग नव्हता. थंडी चांगलीच पडली होती. शिपाईमामा कुलूप हातात धरून फाटकाशी उभे राहिले, पण चला म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर दादांनी नेहमीसारखा डबा उपडा केला आणि चिठ्ठ्या खळीनं वहीत चिकटवल्या. ती त्यांत नव्हती.