‘रस्ता’ पडद्याची वही

मागच्या वर्षीपर्यंत गावच्या नाटक मंडळाच्या यादीत माझ्या नावापुढे ‘चहा’ असं लिहिलेलं असायचं. यंदा ‘चहा, पडदा’ असं आहे. चहा काही सुटला नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्या सगळ्यांना माहीत आहेत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून लांबचे पाहुणेही कौतुकाने विचारतात. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. इथे कंपनीचं नाटक होतंच, पण वर्षातून दोन रात्री गावातलीच मंडळी उभी राहतात, एकदा मंडईला (दिवाळीनंतरची जत्रा) आणि एकदा शंकरपटाला (बैलांची शर्यत). रात्री दहाला सुरू, कोंबडा आरवला की भैरवी. ज्याला ना आवाज ना चेहरा, त्याने बांधीत (धानाच्या शेतात) लोकांना बसायला खड्डा खणायचा, निघालेली माती स्टेजवर टाकायची, सतरंज्या अंथरायच्या आणि चहा वाटायचा. मी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. एलिमेंटरी ड्रॉइंगला सी ग्रेड होती. एवढंच माझं भांडवल.

पडद्याचं कारण असं झालं की मंडळाकडे ‘रस्ता’ म्हणून एक फ्लेक्स होता. त्यावर कुठल्या तरी परदेशी शहराचा रस्ता, कडेला गोल दिव्यांचे खांब. त्यासमोर उभा राहून आमचा नायक म्हणायचा, “या कवेलूच्या घरात माझी माय राबली.” कवेलू म्हणजे कौलं. शिवाय फ्लेक्सवर लाइट पडला की मधोमध पांढरा चट्टा उठतो आणि नट त्यात विरघळून जातो. मागच्या शंकरपटाला लोक हसले, तेव्हा ठरलं की कापडावर रंगवून घ्यायचा.

गावात एक जुने पेंटर आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. तरुणपणी त्यांनी कंपन्यांचे पडदे रंगवले, नंतर दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर. मोतीबिंदू काढूनही नजर धुरकट, हात थरथरतो. मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तर म्हणाले, “मी कोनाले शिकवत नाई. काम हाये, येशीन त ये. माहे डोरे गेले, तुहे हात हायेत.”

पोळ्यानंतरचा आठवडा

मिलचं मागचं गोदाम रिकामं होतं. मालकांनी दिलं, पण हलका (लवकर येणारा) धान यायला लागला की त्याच दिवशी खाली करायचं, या अटीवर. म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे.

कापड मांजरपाट, छत्तीस इंच पन्ह्याचा. बावीस फुटी चार पट्टे. मी सहज म्हणालो, पट्टे उभे जोडू. बचत गटातल्या ताई शिवायला बसल्या होत्या, त्यातल्या एकीने मला पदर धरून दाखवला. उभी शिवण वजनाने गोळा होते, आडवी असली तर खालचं वजनच तिला ओढून सपाट करतं. काकाजींनी मान हलवली. चार पट्टे, तीन आडव्या शिवणी. पहिला धडा पेंटरकडून नाही, शिलाई मशीनवर मिळाला.

भाद्रपद, झड लागलेली

सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक. या एका शब्दावर वहीची चार पानं गेली आहेत.

सरसाचे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवायचे. सकाळी ते भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं. थेट चुलीवर ठेवलं आणि उकळी आली की सरसाची पकड जाते आणि अख्ख्या मिलला मेलेल्या जनावराचा वास येतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं माप: कोरडा सरस पाव किलो, पाणी चार लिटर. काकाजी माप मानत नाहीत. अंगठा आणि बोट त्यात बुडवून चोळतात, सोडवताना किंचित ओढ लागली पाहिजे. ओढ जास्त लागली तर रंग पुढे तडकणार, लागलीच नाही तर वाळल्यावर भुकटी होऊन नटाच्या पाठीला लागणार.

अस्तर म्हणजे सरसाच्या पाण्यात खडूची पावडर. इथे माझी पहिली मोठी चूक झाली. कापड जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि अस्तर मारलं. सुती कापड ओलं झालं की आकसतं, हे रोज लुंगी धुणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. सकाळी विटा आत सरकलेल्या, कापडावर दोन हात लांब चुण्या. परत धुतलं, म्हणजे अडीच दिवस गेले. मग लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर वितीवितीवर खिळे मारून ताणलं. ओलं होताना ते ढोलकीसारखं वाजायला लागलं, तेव्हा काकाजी म्हणाले, “आता बोलते.”

झडीमुळे अस्तर वाळेना. एका कोपऱ्यात हिरवट बुरशी आली, कारण उरलेला सरस मी दुसऱ्या दिवशी वापरला होता. तेव्हापासून रोज लागेल तेवढाच करतो. काकाजी त्यात थोडी तुरटी टाकतात, त्याने सरस घट्ट बसतो.

नवरात्र

चित्राचा आराखडा वीस इंच रुंद, बारा इंच उंच कागदावर. एक इंचाला एक फूट. कागदावर इंचाच्या चौकटी, कापडावर फुटाच्या, मग चौकटीगणिक उतरवायचं. चौकटी आखायला सुताराची पद्धत: सुताला गेरू चोळायचा, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधून उचलून सोडायचं. वीस फुटांची रेघ एका फटक्यात. हे सूत मारणं मला इतकं आवडलं की एक दिवस नको तिथेही मारून ठेवलं.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शाळेत शिकलो होतो, पण वहीच्या पानावर. इथे लोपबिंदूवर, म्हणजे सगळ्या रेघा लांब जाऊन जिथे मिळतात तिथे, प्रत्यक्ष खिळा ठोकायचा. त्याला सूत बांधलं की प्रत्येक घराची पाखी (छपराचा उतार), ओसरी, उंबरठा त्या सुतानेच ठरतो. क्षितिजरेषेवर दोन दिवस वाद झाला. पुस्तकाप्रमाणे मी ती पाच फुटांवर घेतली होती. काकाजींनी मला गोदामाच्या फरशीवर मांडी घालून बसवलं आणि विचारलं, “पाहनारा कुठी बसते?” पाहणारा खड्ड्यात सतरंजीवर बसतो, त्याचा डोळा स्टेजच्या फळीच्या आसपास. तिथून पाच फुटांवरचं क्षितिज पाहिलं तर रस्ता भिंतीसारखा उभा दिसतो. अगदी खाली घेतलं तर रस्ताच दिसत नाही. शेवटी साडेतीन फुटांवर तडजोड झाली.

जमिनीवर पसरलेला पडदा वाकून रंगवला तर कंबर जाते. ब्रश बांबूला बांधून उभ्यानेच मारायचा. पहिले दोन दिवस माझी रेघ नागिणीसारखी गेली, नंतर खांद्यातून हात फिरायला लागला.

कोजागिरीच्या आसपास

रंग: पिवडी (पिवळी माती), गेरू, नीळ, काजळी, झिंक व्हाइट आणि बाजारचा एक हिरवा. सगळे सरसाच्या पाण्यात. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत दोन-तीन छटांचा फरक पडतो, वाळला की फिका होतो. मी ओल्यावर विश्वास ठेवून एक अख्खी भिंत रंगवली. दुपारी ती आजारी माणसासारखी पांढरीफटक झाली. आता प्रत्येक रंगाचा पट्टा चिंधीवर मारतो, चिंधी चुलीजवळ वाळवतो, मगच पडद्याला हात लावतो. चिंध्या नंबर घालून वहीत चिकटवल्या आहेत. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं करा.

छाया-प्रकाश बरोबर आहे का, हे जवळून कळत नाही. मी शिडीवर चढून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढतो. फोटोत दोन घरं एकमेकांत मिसळली की समजायचं, रंग वेगळे आहेत पण उजेड-अंधार सारखाच आहे. काकाजी फोटो बघत नाहीत, डोळे बारीक करतात. धुरकट नजरेचा एवढा एक फायदा, असं ते स्वतःच म्हणतात.

चहाच्या वेळी ते जुन्या पडद्यांबद्दल बोलतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवायचे, हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं ‘पेंटर’ हे त्यांचं आडनावच असेल.

धान यायच्या दोन दिवस आधी पडदा उतरला. खालच्या कडेला बांबू, त्यावर गुंडाळायचा. घडी कधीच घालायची नाही, घडीवर रंग तडकतो.

मंडईची रात्र

पडदा उघडला आणि खड्ड्यातून “आपलंच गाव हाये ना बे!” असा आवाज आला. मी किटली घेऊन उभा होतो. पुढचा अर्धा तास मी कोणाला किती साखर दिली, मला आठवत नाही.

मग पाटलाचं काम करणारा गडी मागे सरकत सरकत पडद्याला टेकला. तिथे लांबची घरं होती, रस्त्याच्या पार टोकाची. त्याचा खांदा कवेलूच्या वर गेला. पुढच्या रांगेतलं पोरगं ओरडलं, “पाटील, घरावर बसू नोका!” गंभीर प्रवेश होता. मेलेला माणूसही हसला.

दुसरी गोष्ट जास्त लागली. रात्रीच्या प्रवेशाला लाइटवाल्याने निळा एलईडी सोडला आणि माझी सगळी कवेलू, आठ दिवस गेरूने एकेक काढलेली, कोळशासारखी काळी पडली. झाडाचं खोडही गेलं. जळालेल्या गावात प्रेमाचा संवाद चालला होता. लाइटवाल्याला बोललो तर तो म्हणाला, मी आधी विचारायला हवं होतं. राग आला, पण बरोबर होतं. तांबडा रंग तांबडा उजेड परत फेकतो, निळ्या उजेडात त्याला फेकायला काहीच नसतं. शाळेत हे विज्ञानाच्या पेपरात लिहून मार्क घेतले होते.

मार्गशीर्ष, हुडहुडी

दुरुस्ती समाजमंदिरात, पडदा टांगूनच. काकाजींचा उपाय: शिंतोडे. पातळ निळा रंग फड्याच्या झाडूने कवेलूंवर उडवायचा, त्यावर फिकट जांभळा, मग थोडा पिवडीचा. जवळून अंगावर देवीचे फोड आल्यासारखं दिसतं. दहा हातांवरून ते ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि कुठलाही लाइट आला तरी त्याला उत्तर देणारा कोणता ना कोणता ठिपका तिथे असतो. घरी टॉर्चवर निळा, तांबडा, पिवळा जिलेटिन कागद लावून दर संध्याकाळी तपासलं. झाडू झटकायची एक लय आहे, मनगट थांबवायचं असतं. ती येईपर्यंत मी समाजमंदिराची अर्धी भिंत देवी आल्यासारखी केली. चुना मारून द्यावा लागला.

थंडीने वेगळाच खेळ केला. सकाळी सातला बादलीतला रंग जेलीसारखा थिजलेला, ब्रश त्यात उभा. सरस गार झाला की थिजणारच. बादली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून काम केलं, तरी पडद्यावर जाईपर्यंत ब्रश जड व्हायचा. शेवटी दुपारी बारा ते चार एवढीच वेळ ठेवली. मिलमध्ये जेवणाची सुट्टी एवढी लांब नसते. मालकांनी दोनदा बघितलं, बोलले नाहीत. त्यांचा पुतण्या नाटकात आहे.

पाटलाच्या प्रश्नावर मात्र रंगाने उत्तर सापडेना. लांबची घरं चिंचेच्या झाडाने झाकली, तरी झाडही खुजंच. मग मंडळातल्या एका वहिनींनी सुचवलं की पडद्यासमोर दोन हातांवर तुराट्यांचं (तुरीच्या वाळल्या काड्यांचं) कूड उभं करा. गावच्या रस्त्याला कूड शोभतंच आणि कोणाला मागे टेकता येत नाही. पाऊण तासात झालं. सहा आठवडे यथार्थदर्शन शिकलेल्या माणसाला हे सुचलं नाही, हे वहीत लिहून ठेवलं आहे.

शंकरपट

पट मध्यंतरी काही वर्षं बंदच होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि राज्याच्या बदललेल्या कायद्याला त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली. मधल्या काळात पटाच्या रात्रीचं नाटक बिनबैलांच्या जत्रेसारखं वाटायचं. यंदा बैल, धुरळा, पाहुणे, सगळं होतं.

निळा लाइट आला. कवेलू निळसर तांबडी राहिली, खोड दिसलं. पाटील कुडाला अडकला आणि पुढे आला. कोणी काही बोललं नाही. पडद्याबद्दल त्या रात्री एक शब्दही ऐकू आला नाही. काकाजी शेजारी घोंगडी पांघरून बसले होते. दुसऱ्या अंकात त्यांनी विचारलं, “डाव्या हाताले तिसऱ्या घराची पाखी वाकडी हाये का मालेच तशी दिसते?” वाकडी आहे. त्या दिवशी सूत ढिलं धरलं होतं.

आता

मंडळाने ‘जंगल’ सांगितलं आहे. सागाची मोठी पानं ब्रशने, पण मागची दाट झाडी ब्रशने काढत बसलो तर पुढचा पोळा येईल. काकाजी म्हणतात, वाळलेलं घोसाळं आडवं कापून रंगात बुडवायचं आणि ठसे मारायचे, दर ठशाला हात थोडा फिरवायचा, नाहीतर वॉलपेपर होतो. सरस तीन पाव उरला आहे, निळीला कागदाची पुडी करून ठेवली आहे. सांदवाडीतल्या (घरामागच्या परसातल्या) वेलावर वाळलेली अकरा घोसाळी मोजली. त्यातली दोन आईने भांडी घासायला आधीच राखून ठेवली आहेत.