काळा दगड वांगी रंगाचा छापला जातो तेव्हा

घरच्या प्रिंटरवर फोटोचे रंग बिघडले, पण नोझल चेकच्या (शाईची छिद्रं तपासणाऱ्या) कागदावर सगळ्या रेषा सलग उमटत असतील, तर हेड क्लीनिंगच्या, म्हणजे ती छिद्रं साफ करण्याच्या, बटणाला हात लावू नका. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण कस्टमर केअरच्या सांगण्यावरून मी ते चार वेळा केलं. दर वेळी सगळ्या रंगांची शाई खेचली जाते आणि थेट वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. पॅड भरला की प्रिंटर छापायलाच नकार देतो, तो खर्च वेगळा. रेषा तुटक असेल तर एकदा क्लीनिंग करा, पुन्हा नोझल चेक काढा. तीनदा करूनही फरक नसेल तर प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा. हेडमधली हवा कित्येकदा तेवढ्याने सुटते.

माझ्या रेषा पहिल्या दिवसापासून सलग होत्या. तक्रार होती ती रंगांची. सहा शायांचा इंक टँक प्रिंटर, विंडोजचा लॅपटॉप, फोटोशॉप आणि २६० जीएसएमचा चकचकीत फोटो पेपर. फोटो नदीच्या घाटाचा: काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, त्यावर झेंडूच्या माळांची रास, मागे हिरवं नऊवारी. छापल्यावर पायऱ्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या, झेंडू लालसर झाला आणि माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसू लागले. गुलाबी झाक सगळीकडे सारखी पसरलेली.

ही सारखेपणाची खूण लक्षात ठेवा. नोझल बंद असेल तर पट्टे दिसतात किंवा एखादा रंग गायब होतो. पूर्ण फोटोवर एकसारखी गुलाबी झाक आली, तर पहिला संशय रंगांचा हिशोब दोनदा झाल्याचा घ्यायचा. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून कागदाची प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) दिली, की फोटोशॉप त्या कागदाला आणि शाईला जुळतील असे रंगांचे आकडे करून ड्रायव्हरकडे, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, पाठवतं. ड्रायव्हर ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर त्याला हे माहीतच नसतं. आलेले आकडे साध्या एसआरजीबी (स्क्रीनसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत) फोटोचे आहेत असं धरून तो त्यांच्यावर आपली दुरुस्ती पुन्हा चढवतो. आमटीत एकाने मीठ घातल्यावर दुसऱ्याने न विचारता पुन्हा घालावं, तसं.

फोटोशॉप याची सूचनाही देतं. त्याच खिडकीत छोट्या त्रिकोणी चिन्हाशेजारी ओळ असते, की प्रिंटरचं कलर मॅनेजमेंट बंद करा. मी ती वाचली, ‘प्रिंट सेटिंग्ज’ उघडलं, आणि तिथे बंद करण्यासारखं काही नव्हतंच! कागदाचा आकार, उभा-आडवा, रंगीत की काळा-पांढरा, क्वालिटीच्या दोन पायऱ्या. संपलं.

तीन आठवडे गेले ते इथे. कस्टमर केअरला फोन केला की तीच प्रश्नावली. “सर, हेड क्लीनिंग केलं का? शाई ओरिजिनलच आहे ना? मग अजून एकदा करून बघा.” प्रिंटर तपासायला माणूस आला, त्याने नोझल चेक काढला, “प्रिंट तर मस्त येतंय” म्हणाला आणि गेला. कोणता ड्रायव्हर टाकलाय, हा एक प्रश्न कुणीच विचारला नाही. सगळं दुखणं तिथे होतं.

प्रिंटर वायफायवर जोडला, की विंडोज तो स्वतःच शोधतं आणि आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. छपाई होते, म्हणून आपणही खूश. पण त्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने दिलेले रंगांचे पर्याय येत नाहीत आणि कागदाच्या प्रकारांची यादीही तोकडी असते. मॅकवर एअरप्रिंटने जोडल्यास हाच अनुभव येतो. उपाय अर्ध्या तासाचा आहे. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून तो प्रिंटर काढून टाकायचा, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून पूर्ण ड्रायव्हर उतरवायचा आणि त्याच्याच इन्स्टॉलरमधून प्रिंटर पुन्हा जोडायचा. नंतर यादीत एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी दिसल्या, तर जुनी काढा. नाहीतर फोटोशॉप नेमकी तीच पकडून बसतं.

पूर्ण ड्रायव्हर आल्यावर ‘कलर करेक्शन’ दिसलं. ते ‘कस्टम’ केलं, ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘नो कलर अॅडजस्टमेंट’ निवडलं आणि दगड काळा आला. काही ड्रायव्हरमध्ये हेच ‘मॅचिंग’ या नावाखाली असतं, तिथे ‘नन’ निवडायचं.

आनंद एका संध्याकाळपुरता टिकला. दुसऱ्या दिवशी वेगळी फाइल उघडली आणि गुलाबी झाक परत हजर. फोटोशॉपमधून केलेली सेटिंग त्या फाइलपुरती राहते, नवी फाइल ड्रायव्हरची मूळ सेटिंग उचलते. म्हणून बदल विंडोजच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन करा आणि नाव देऊन प्रीसेट ठेवा. तरीही प्रिंट दाबण्याआधी ती खिडकी उघडून बघायची सवय मी अजून सोडलेली नाही.

फोटोशॉप नसेल तर उलटा मार्ग घ्या. फाइल एसआरजीबीत ठेवा आणि सगळा हिशोब ड्रायव्हरवर सोडा. दोघांपैकी एकानेच करायचा, एवढंच. आणि फाइल सीएमवायकेत (छापखान्याच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलून देऊ नका. ऑफसेटची सवय असलेले डीटीपीवाले हमखास हा सल्ला देतात, पण घरगुती प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच (लाल-हिरवा-निळा) मागतो. आधी सीएमवायके केलं की चटक रंग तिथेच मरतात.

झाक नेमकी किती आहे हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी राखाडी चौकोनांची पट्टी करा: लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे, ०, २५, ५० असे २५०पर्यंत, एकूण अकरा चौकोन. चार बाय सहाच्या कागदावर छापायची. मधले चौकोन गुलाबी किंवा हिरवट दिसले, तर गडबड अजून आहे. मात्र छापल्या छापल्या न्याय करू नका. डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) रंग वाळताना थोडा सरकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या उजेडात बघा. स्वस्त एलईडीखाली बरोबर राखाडीही हिरवट वाटू शकतो.

कागदाबद्दल सांगायचं राहिलं. ड्रायव्हर शाई किती सोडायची हे ‘पेपर टाइप’वरून ठरवतो. चकचकीत कागद घालून ‘प्लेन पेपर’ ठेवलं तर रंग बिघडणारच. ज्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) आहे, तिथे तर काळं बोटाने पुसलं जातं. प्रोफाइलही प्रिंटर, शाई, कागद आणि पेपर टाइप या चौघांच्या जुळणीची असते. कागदाच्या कंपनीने प्रोफाइल दिली असेल, तर तिच्यासोबत सांगितलेला पेपर टाइपच लावा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’ म्हणायचं आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायचं. प्रोफाइल मिळत नसेल, तर ड्रायव्हरसोबत आलेल्यांपैकी जवळच्या कागदाची घ्या. टाकीत स्वस्त शाई भरलीत, तर यातली एकही प्रोफाइल लागू पडत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, उघडा राहिलेला कागद दमट होऊन वळतो आणि शाई वाळायला वेळ लागतो. उरलेले ताव सिलिका जेलच्या पुडीसकट पाकिटात परत ठेवा. कोणती बाजू वर, याची शंका आली तर कोपऱ्याला ओलसर बोट लावा, थर असलेली बाजू किंचित चिकटते.

प्रिंट काळपट येत असेल तर बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा असतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो सुधारला की कागदावर अंधारच येणार. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) असेल तर त्यात ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला, पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ ठेवा. नसेल तर स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघडा, शेजारी उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

आता झेंडू. तो स्क्रीनसारखा पेटत नाही, आणि घरच्या शायांत पेटणारही नाही. भडक केशरी आणि गडद निळा हे या शायांच्या आवाक्याच्या काठावरचे रंग. सहा शायांतल्या फिक्या निळ्या-गुलाबी शाईने चेहऱ्यावरच्या छटा मऊ होतात, चटकपणा फारसा वाढत नाही. फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ सेटअप’ला कागदाची प्रोफाइल द्या, कंट्रोल-वायने कागदावरचं रूप बघा आणि कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबा. जे रंग छापता येणार नाहीत, त्यांवर राखाडी डाग चढतात. माझी झेंडूची रास जवळजवळ सगळीच राखाडी झाली. न छापता येणारे रंग कसे बसवायचे याच्या पर्यायांतून ‘पर्सेप्चुअल’ निवडल्यावर थोडं सुधारलं. मग फक्त केशरीचं सॅच्युरेशन दहाने खाली आणलं. रंग किंचित दबला, पण आधी सपाट केशरी ठिपका होता तिथे एकेक पाकळी वेगळी दिसायला लागली.