पुढं ३६, मागं ४०

रविवार, रात्रीचे अकरा

शून्य पूर्णांक शून्य नऊ. एवढ्या सेकंदांनी आज गाडीच्या शर्यतीत ह्यांच्याकडून हरले. पोरगं झोपलं, आत्या झोपल्या, हे टीव्हीपुढे बसल्या बसल्या घोरतायत, आणि मी टायरमधल्या हवेच्या नोंदींची वही पुढ्यात घेऊन बसलेय.

सकाळपासून लिहिते, म्हणजे काही सुटायचं नाही.

पाचला उठले. थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. तोवर ह्यांनी डिकी रिकामी केली: स्टेपनी, जॅक, पोराचं क्रिकेटचं किट, आत्यांची कीर्तनाला न्यायची सतरंजी. मागच्या खेपेला ती सतरंजी डिकीतच राहिली होती आणि हरल्यावर ह्यांनी सगळं खापर तिच्यावर फोडलं. हजार किलोची गाडी, आणि दोष सतरंजीचा!

गाडी तीच, मामांची २००९ची पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसी. मामा महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, साताऱ्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची त्या काळातले. गाडी घरी आल्यावर सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी वर्षभर कुणाला काढू दिलं नव्हतं. आता त्याच गाडीचा हँडब्रेक ओढून मी ती पिंपाभोवती गर्रकन फिरवते. ते बघायला मामा नाहीत, हे एका अर्थी बरंच झालं.

जागा म्हणजे कोरेगाव रस्त्याला ओळखीतल्या एकाच्या गोडाऊनचं काँक्रीटचं आवार. रविवारी ट्रक नसतात. आज अकरा गाड्या होत्या. गेटवरच्या वॉचमन आजोबांना हा प्रकार अजून पुरता पटलेला नाही. "येका टायमाला येकच गाडी? मग शर्यत कुणासंगं?" त्यांना आपल्याकडची बैलांच्या छकड्यांच्या शर्यतींची मैदानं माहीत. जोड्या एका रेषेत उभ्या राहतात, एकदम सुटतात, पुढं येईल तो जिंकला. मी म्हटलं, "आजोबा, पुण्याकडं घाटात कसा एकच गाडा सुटतो आणि सेकंद मोजतात, तसं हे." मग डोक्यात शिरलं. सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली तो दिवस त्यांना तोंडपाठ आहे, १६ डिसेंबर २०२१. नातवाचा वाढदिवस विचारला असता तर बोटं मोजायला लागली असती.

आमचं सगळं हौशी काम. अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स लागतं, आम्ही तिथवर गेलेलो नाही. पण हेल्मेटशिवाय गाडी सुटत नाही, आणि वाटेत मांडलेला प्लॅस्टिकचा कोन (शंकू) पाडला की २ सेकंद दंड. हा दंड आम्ही अमेरिकेतल्या एससीसीए या मोटार क्लबच्या अशाच 'सोलो' स्पर्धांवरून उचललाय. तिथे बायकांचे वेगळे गटही असतात. ते मात्र मी उचलू दिलं नाही. आवाराच्या आत काय करायचं ते करा, गेटबाहेर पडलं की मुकाट्याने चाळीसने घरी, हाही नियम. कास रस्त्यावर रविवारी पोरं जे करतात ते बघितलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते, एकेकाला खाली उतरवून कान धरायला लावावंसं वाटतं.

लोकांना वाटतं, आम्हाला वेगाचं वेड. अहो, आमची फेरी जवळजवळ सगळी दुसऱ्या गिअरमध्ये संपते. पाच कोनांमधून नागमोडी जायचं, पिंपाला वळसा, परत यायचं, शेवटच्या चौकटीत गाडी उभी करायची. पाऊण मिनिटाचा मामला. सगळा खेळ पकडीचा. एकेक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. हजार किलोची गाडी चार तळहातांवर उभी. वळणात ती बाहेरच्या अंगाला कलते, भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि गंमत ही की एका टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. आतल्या चाकाने जेवढं गमावलं तेवढं बाहेरचं भरून देत नाही. त्यात ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. वळवायचं त्यांनीच, ओढायचं त्यांनीच, ब्रेकचाही मोठा वाटा त्यांचाच. घरातल्या थोरल्या सुनेची गत. मागची चाकं नुसती पाहुण्यासारखी मागून येतात. पुढच्यांकडून जास्तीचं मागितलं की ती वळायचं नाकारतात, स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली नाकासमोर निघते.

इथेच आमचे दोघांचे दोन पक्ष आहेत. ह्यांचं म्हणणं, वळणाआधी वेग कमी करा, ती वळते. माझं म्हणणं, मागच्या पाहुण्यांनाही जरा कामाला लावा. मागं हवा कडक ठेवली की मागची पकड थोडी कमी होते, आत येताना ॲक्सिलरेटर सोडला की मागचं टोक हळूच बाहेर सरकतं आणि नाक आपोआप आत येतं. ह्यांना ते सरकणं नको वाटतं. पोटात गोळा येतो म्हणतात. मला तर त्याच क्षणासाठी पाचला उठावंसं वाटतं. म्हणून मागच्या टायरमध्ये हवा ३६ का ४० पीएसआय यावर आमचं मागच्या वर्षभरात जेवढं भांडण झालंय तेवढं पोराच्या शाळेवरून झालं नाही. या वेळी ४० ठरलं. कसं ठरलं ते इथे लिहीत नाही.

गुरुवारी अलाइनमेंटला गेलो होतो. पुढच्या चाकांची वरची कड थोडी आत झुकवून हवी होती, म्हणजे वळणात गाडी कलली की टायर सपाट बसतो. शॉकअपच्या खालचे दोन बोल्ट सैल करायचे, चाक वरून आत दाबून धरायचं आणि परत आवळायचे. बोल्टच्या भोकात जेवढा खेळ तेवढंच मिळतं, फार काही नाही. तिथल्या मुलाने मशिनवर बघितलं आणि हात झटकले. "मॅडम, आता सगळं हिरवं दाखवतंय. तुम्ही सांगताय तसं केलं की लाल होणार." मी म्हटलं, "होऊ दे लाल." तो ह्यांच्याकडे बघायला लागला, साहेब काही बोलतील म्हणून. हे म्हणाले, "तिला विचार, मी फक्त पैसे देणार." शेवटी केलं त्याने, पण बिलावर पेनने लिहून दिलं, 'टायर आतून खाणार, कस्टमरला सांगितले आहे.' ते बिल मी वहीत चिकटवलंय.

आता फेऱ्या.

आजवर पहिली फेरी कायम ह्यांची. ठरवून नाही. गाडी तेच चालवत नेतात, पोचल्यावर तेच सीटवर असतात, आणि मी डबे उतरवत असते. मग त्यांची फेरी, मग माझी, असं आलटून पालटून. एप्रिलमध्ये मी त्यांना ०.६ सेकंदांनी हरवलं, तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद: "माझ्या फेरीत टायर गार असतात. मी तापवून देतो आणि तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेस." नऊ महिने ऐकलं. काल रात्री म्हटलं, ठीक आहे, उद्या मी आधी.

सकाळी साडेसातला पंधरा अंश. बसल्यावर आधी सीट तीन खाचा पुढे ओढली, आरसे फिरवले. शाळेतून आणलेल्या खडूने चारी टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून बगल सुरू होते तिथे, आतून बगलेपर्यंत आडवी रेघ ओढली. फेरी झाली की ती रेघ कुठवर पुसली गेली ते बघायचं. खांद्यापर्यंत पुसली तर हवा बरोबर. त्याच्या खाली, टायरच्या बगलेवर गेली तर टायर वळणात दुमडतोय, हवा कमी आहे. आणि खांद्याला शिवलीच नाही तर हवा जास्त, टायर नुसता मधल्या पट्ट्यावर नाचतोय.

पहिल्या फेरीत टायर दगडासारखे. दुसऱ्याच कोनाला गाडी सरळ निघाली, पिंपाचा वळसा एवढा मोठा झाला की त्यात ट्रक बसला असता. ४७.३०. लगेच हे बसले, ४६.१०. खाली उतरले ते हसतच. "बघितलंस?" मी काही बोलले नाही, खडू बघायला वाकले. पुढचा डावा टायर: रेघ बरोबर खांद्यावर संपली होती, जणू पट्टी लावून पुसली. लाल सेटिंग चालतंय. एवढा आनंद झाला की ४७.३० विसरले. त्या अलाइनमेंटच्या मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

दुसरी, तिसरी ठीकठाक. तिसरीत ह्यांनी एक कोन पाडला आणि तो आधीच पडलेला होता म्हणून पाच मिनिटं वाद घातला. चौथी फेरी माझी छान गेली. पिंपाला आत शिरताना पाय उचलला, मागचं टोक सुटलं, अगदी वीतभर, हँडब्रेकला हातही लावला नाही. ४४.९१. मग ह्यांची, ४४.८२.

सगळ्यांनी ह्यांची पाठ थोपटली. थालीपीठं संपली. येताना रस्ताभर शिट्टी.

तर ०.०९. मी नववीला विज्ञान शिकवते. लंबकाचा प्रयोग घेताना पोरांना बजावते, एका दोलनाची वेळ घेऊ नका, वीस मोजा आणि वीसने भागा, कारण तुमचं बोट घड्याळावर पडायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. आणि आमच्याकडे टायमिंग कोण घेतं? एक जण, हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चहा. म्हणजे ०.०९ काहीच नाही. बोटाचा खेळ. हे मी तिथेच बोलू शकले असते. पण हरलेल्या माणसाने घड्याळाला नावं ठेवायची नसतात, आणि सतरंजीनंतर तर अजिबात नाही.

एप्रिलचा ०.६ मात्र बोटाचा खेळ नव्हता. म्हणून मघाशी वही उघडली, एप्रिलचं पान काढलं. सुरुवातीला हवा ३६, सकाळचे पंचवीस अंश. माझ्या चौथ्या फेरीआधी पुढच्या टायरमध्ये ४१. फेऱ्यांच्या मध्ये हवा सोडायची असते हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. कॅल्क्युलेटर घेतला. गेजवरचा आकडा वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो, म्हणून दोन्हीत १४.७ मिळवले: ५०.७ आणि ५५.७. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. पंचवीसात २७३ मिळवून २९८, गुणिले ५५.७ भागिले ५०.७, आले ३२७. त्यातून २७३ गेले, राहिले ५४. आतली हवा चोपन्न अंश, म्हणजे वरचं रबर त्याहून तापलेलं. त्याखाली माझ्याच अक्षरात: 'फवारा मारला, तरी टायर बुळबुळीत.' गुलाबांवर मारायचा पंप नेला होता, माठ गार राहतो त्याच तत्त्वावर.

आजचं पण काढलं. ३६चे ३८ झाले होते. सव्वीस अंश.

रबर कोमट असताना सगळ्यात छान धरतं, फार तापलं की सुटतं. म्हणजे जानेवारीत नंतर बसणाऱ्याचा फायदा, हे ह्यांचं खरं. पण एप्रिलमध्ये त्या तापलेल्या काँक्रीटवर नंतर बसणं तोट्याचं होतं. ह्यांची उत्तम वेळ दुसऱ्या फेरीतली होती, टायर नुकते तयार झाले तेव्हाची. माझी चौथीतली, बुळबुळीत टायरवरची. आयतं पीठ कसलं, करपलेली भाकरी दिली होती मला.

(ह्यांचं वजन ८४, माझं ५२. बत्तीस किलो, गाडीच्या तीन टक्के. त्याचाही काही वाटा त्या ०.६ मध्ये असणार. वहीत लिहून ठेवते, कारण खोटं नको. ह्यांना सांगणार नाही.)

उठवलं. "अहो, ऐका. एप्रिलमध्ये टायर चोपन्न अंशावर होते."

"कुणाचे?"

"आपले. म्हणजे तुम्ही तापवून द्यायचात ना, ते जास्तच तापवून दिलेत."

डोळे न उघडता थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मागं ३६ ठेवू." आणि कूस बदलली.

सोमवार

शाळेत जायला गाडी घेतली आणि पोवई नाक्यापर्यंत पोचेतो कंबरेचे टाके ढिले झाले. काल हवा कमी करायची राहिलीच. मागच्या सीटवर आत्या होत्या, त्यांना दवाखान्यात सोडायचं होतं. पहिल्या खड्ड्याला "अगं आई", दुसऱ्याला "गाडी हाय का बैलगाडी", तिसऱ्यानंतर बोलल्याच नाहीत.

पंपावर थांबले. हवा भरणाऱ्याने मागच्या टायरला गेज लावला, काढला, परत लावला. माझ्याकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं.

"चाळीस? ताई, एवढी कुणी भरली हो?"

मी म्हटलं, "ह्यांनी."