भोकाची कड

उत्खननातून आलेल्या पिशवीवरच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं: मणी. आत नखाएवढे शंख आणि थोडे शिंपले, जवळजवळ सगळ्यांना भोक. खोदणाऱ्यांच्या मते हा तुटलेला हार. पण नुसत्या भोकाने दागिना सिद्ध होत नाही. भोकाची कड वाचावी लागते, आणि या पिशवीने ती दोनदा वाचायला लावली.

आधी धुण्याचा मोह आवरायचा. ब्रश मारला की भोकात अडकलेला गेरूचा कण गेलाच, आणि आम्ल लावलं तर कवचच विरघळायला लागतं. शंखाच्या पोटातली मातीही पुरावाच. इस्रायलमधल्या स्खुल इथले दोन शंख १९३०च्या दशकातल्या उत्खननात सापडले आणि पुढे कित्येक वर्षं संग्रहालयात पडून राहिले. त्यांतल्या एकाला चिकटलेली माती माणसांची दफनं असलेल्या थराशी रासायनिकदृष्ट्या जुळली, म्हणून त्यांचं वय किमान १,००,००० वर्षं धरता आलं. कुणी हौसेने लख्ख धुऊन ठेवले असते, तर हे कळलंच नसतं.

मग सूक्ष्मदर्शक. सुरुवात १० पटीने, नंतर ४०. उजेड वरून पाडायचा नाही, बाजूने तिरपा पाडायचा, नाहीतर ओरखडे दिसत नाहीत. बहुतेक शंखांची भोकं गोल, बाहेर रुंद आणि आत निमुळती निघाली. ही करणी शिकारी समुद्री गोगलगायीची. ती आम्लाने कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने खरवडत आत शिरते. दुसऱ्या एका कुळातल्या गोगलगायींचं भोक सरळ भिंतींचं असतं. माणसाने शंखाच्या तोंडातून हाडाचा टोचा घालून आतून दाबलं, तर कड वेडीवाकडी येते आणि टवके बाहेरच्या अंगाला उडतात. खोदताना अवजार लागलं असेल, तर फुटलेली कड पांढरी, ताजी दिसते. टोच्याची म्हणावी अशी कड पिशवीत एकही नव्हती.

शिंपल्यांचीही तीच गत. बिजागरीजवळचा उंचवटा लाटांत वाळूवर घासून झिजतो आणि तिथे भोक पडतं. म्हणजे सगळीच भोकं निसर्गाची. इथे काम संपवणं सोपं होतं.

तरीही शिंपले फिरवून पाहिले, तर तिघांच्या भोकांवरची घासून आलेली चकाकी कडेभर नव्हती. एकाच बाजूला, उथळ खाचेसारखी होती. वाळू सगळीकडून घासते. दोरा मात्र जिथे वजन लोंबतं तिथेच घासतो. इस्रायलमधल्याच काफझे गुहेत सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीचे शिंपले असेच आहेत: भोक समुद्राचं, ओवणं माणसाचं, काहींवर गेरूही. आयतं भोक असलेला शिंपला निवडून आणणं मला टोचा चालवण्याइतकंच हुशारीचं वाटतं. 'नैसर्गिक भोक म्हणजे बाद' हा नियम म्हणूनच धोक्याचा.

शंख आले कुठून, हेही विचारावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेतले सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे शंख खाडीत राहणाऱ्या जातीचे आहेत आणि तशा खाड्या गुहेपासून २० किलोमीटरवर. खायचे म्हणावं तर जीव अगदीच लहान. शिवाय भोकं पुन्हापुन्हा शंखाच्या तोंडाच्या ओठाजवळ एकाच जागी. किनाऱ्यावर सहज गोळा केलेल्या त्याच जातीच्या शंखांत त्या जागी भोक क्वचितच सापडतं. अशी आजच्या किनाऱ्यावरची टोपली तुलनेला हाताशी नसेल, तर निष्कर्ष काढूच नये.

पिशवीतल्या शंखांच्या कडांवर दोऱ्याची झीज कुठेच नव्हती. ते वेगळ्या पाकिटात गेले, पोटातल्या मातीसकट. तीन शिंपल्यांच्या कडांचे सिलिकॉन रबराचे ठसे घेतले, पण त्यांवरच्या तांबूस, गेरूसारख्या कणांची तपासणी उरकल्यावरच. रबर सोलताना ते कण त्याच्याबरोबर निघून येतात.