दंड नसलेला नियम आणि आपलं ‘रेडियम’

फिनलंडच्या रहदारी कायद्यात २०२० पर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी एक कलम होतं: अंधारात रस्त्यावर असाल तर अंगावर रिफ्लेक्टर लावा. हा नियम गाडीला नाही, माणसाला. आणि नाही लावला तर दंडही नव्हता! पुणेकराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की मग लावायचा कशाला? हेल्मेटसक्तीचं आपल्याकडे काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथे तर पावती फाटत होती. इथे फिनलंडमध्ये मात्र आजीबाईंच्या कोटाला रिफ्लेक्टर लोंबतो, पोरांच्या दप्तराला असतो, कुत्र्याच्या पट्ट्यालाही असतो. सगळेच लावतात असं नाही हं. काळा कोट, काळी पँट आणि कानात हेडफोन ही जमात हेलसिंकीतही भरपूर आहे.

शिवाय लगेच मान खाली घालायचं कारण नाही. डिसेंबरच्या शेवटी हेलसिंकीत दिवस जेमतेम पावणेसहा तासांचा असतो आणि सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा. यांना गरज पडली म्हणून सुचलं, एवढंच. रिफ्लेक्टरला इथे ‘हेइयास्तिन’ म्हणतात. तो पादचाऱ्यांसाठी बनवला आर्वी लेहती नावाच्या प्लॅस्टिक उद्योजकाने, आणि मूळ कल्पना घोडागाड्या अंधारात दिसाव्यात अशी होती म्हणतात. म्हणजे आपल्या उसाच्या बैलगाडीचाच प्रश्न.

आणि वस्तू म्हणाल तर ती आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते. फक्त तिचं नाव आपण ‘रेडियम’ ठेवलंय. त्यात रेडियमचा कणही नसतो. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर खरं रेडियम असायचं, ते स्वतःच्या बळावर चमकायचं. हे आपलं रेडियम स्वतःचा प्रकाश अजिबात देत नाही. दुसऱ्याचा घेतं आणि ज्याचा त्याला परत करतं. नाव चुकलं तरी बिघडत नाही, पण या नावामुळे दुकानात फसवणूक होते. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी ‘ज्याचा त्याला परत’ म्हणजे काय ते. आरसा असं करत नाही. आरशावर प्रकाश डावीकडून आला तर उजवीकडे जातो. बाइकच्या मागे जुनी सीडी लटकवायचा जुगाड याच कारणाने फसतो: सीडी हेडलाइटच्या अगदी समोर आली तर क्षणभर लखलखते, दहा अंश वळली की तिचा झोत शेजारच्या शेतात. पांढरा सदरा उलट करतो. तो प्रकाश सगळीकडे उधळतो, म्हणून कुठूनही दिसतो पण कुठूनही मंदच.

रिफ्लेक्टरची युक्ती कॅरमवर कळते. भोक चुकवून स्ट्रायकर कोपऱ्याजवळच्या एका कडेवर मारा. तिथून तो दुसऱ्या कडेला लागतो आणि ज्या दिशेने आला तिला समांतर परत येतो, कोन कुठलाही असो. हे झालं सपाट बोर्डावर. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन असे तीन पृष्ठभाग काटकोनात भेटतात. तिघांनाही आरसे लावले तर वरून, खालून, बाजूने आलेला प्रकाश तीन धडकांत आल्या वाटेने परत जातो. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर म्हणजे असे शेकडो कोपरे. भिंगाखाली धरला तर षटकोनी घरं दिसतात, आणि प्रत्येक घरात तीन तिरपे पृष्ठभाग मधल्या टोकाशी मिळालेले. एक डोळा मिटून अगदी जवळून बघा: घराघरात तुमचीच बाहुली, बरोबर मधोमध. मान हलवली तरी ती मधून हलत नाही.

या कोपऱ्यांना बहुतेक वेळा चांदी किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा नसतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या मागे नुसती हवा असते, आणि सगळी कमाल त्या हवेची. ॲक्रिलिकमधून (हेच ते प्लॅस्टिक) हवेत जाऊ पाहणारा प्रकाश पृष्ठभागाच्या लंबापासून मोजून ४२ अंशांपेक्षा जास्त तिरपा असला तर बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. सरळ समोरून आलेला किरण कोपऱ्याच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ५५ अंशांनी आपटतो, म्हणजे चोख परततो. आता मागे पाणी शिरलं असं धरा. प्लॅस्टिक आणि पाणी यांच्यात तो मर्यादेचा कोन ६३ अंशांच्या आसपास जातो. ५५ कमी पडले, प्रकाश मागच्या मागे पसार, रिफ्लेक्टर मेला. वरून धडधाकट दिसणारा, पण कडेला केसाएवढी चीर गेलेला रिफ्लेक्टर पावसाळ्यात आंधळा होतो तो असा. आतून धुकं धरल्यासारखं दिसलं की तो बदलायचा, पुसून काही उपयोग नाही.

कापडी रुपेरी पट्टीचं काम वेगळं. तिच्यावर काचेचे बारीक मणी असतात, पिठीसाखरेसारखे. मणी प्रकाशाला वाकवून आपल्याच पाठीवर गोळा करतो, तिथला चकचकीत थर तो परत पाठवतो आणि मणी त्याला पुन्हा आल्या दिशेला वाकवून देतो. प्रकाश बरोबर पाठीवर गोळा व्हायचा तर काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वाकवते त्याचं माप, २ च्या जवळ लागतो. पट्टीत साधारण १.९ ची काच असते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर रंग ओला असताना मणी भुरभुरतात, पण ती साधी १.५ ची काच. तिचा प्रकाश मण्याच्या थोडा मागे गोळा होतो. काम भागतं, कारण मणी जेमतेम निम्मा रंगात रुतलेला असतो आणि मागे पांढरा रंग आहेच.

मग जुलैत कात्रजच्या घाटात हे पट्टे जातात कुठे? पट्टे जागेवरच असतात, मणी बुडालेले असतात. हवेतून काचेत शिरताना प्रकाश जितका वाकतो त्याच्या मानाने पाण्यातून काचेत शिरताना फारच कमी वाकतो, आणि मण्याचा नेम मण्याच्या कितीतरी मागे जातो. वरून पाण्याचा पातळ थर आरसा होऊन हेडलाइटचा झोत पुढे ढकलतो. तुमचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात, त्याचा तुमच्या, आणि मधला पट्टा गायब. त्यात समोरचा अप्पर लावून येतो! हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासायची आपली जुनी पद्धत या विकारावरचा उपाय होती, हे इथे सांगितलं तर लोक हसतील; पण त्यामागची बुद्धी वाईट नव्हती.

इथे पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो, पण रस्ता शरद ऋतूभर ओला असतो आणि डांबर काळंच असतं. डिपरच्या प्रकाशात काळ्या कपड्यातला माणूस साधारण ५० मीटरवर दिसतो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला म्हणजे २५ मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३-२५. हिशेब जेमतेम जुळतो. रस्ता ओला असला की जुळत नाही. चांगला रिफ्लेक्टर ३०० मीटरच्या पुढून दिसतो. ज्याला घासाघीस करायची त्याने या आकड्यांशी करावी.

आता दुकान. रेडियमवाल्याकडे दोन रोल शेजारी शेजारी असतात: नुसता भडक रंगाचा चिकट कागद आणि खरा परावर्तक. दिवसा दोन्ही सारखेच दिसतात. चार-पाच पावलं मागे जा आणि फ्लॅश चालू ठेवून फोटो काढा. फोनचा फ्लॅश आणि लेन्स शेजारीच असल्यामुळे खरा रोल फोटोत पांढराफेक जळालेला दिसेल, नकली नुसता पिवळा. मग पाण्याची बाटली काढा, पट्टीवर पाणी ओता आणि टॉर्च डोळ्याशेजारी कानशिलाला लावून बघा. (टॉर्च लांब हातात धरला तर चांगली पट्टीही मेलेली दिसेल, तिचा दोष नाही.) उघड्या मण्यांची रुपेरी पट्टी ओली झाली की बरीच मंदावते. वरून पारदर्शक थर असलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसणारी पट्टी ओलीही चमकते. पुण्याच्या पावसाला ही दुसरीच घ्यावी. दुकानदार पाणी ओतू देईल का, हा पुण्यातला वेगळा विषय.

चिकटवायची पट्टी कापडावर लावू नका, दोन धुण्यांत कडा सुटतात. शिवायची वेगळी मिळते, ती ५० मिलिमीटर रुंदीची घ्या. तिच्यावर थेट इस्त्री नको, ब्लीच नको. प्लॅस्टिकचा लोंबता रिफ्लेक्टर खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला की ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश भलतीकडे पाठवतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, टूथपेस्ट घासू नका. घेताना ‘सीई’ची खूण (माल युरोपच्या सुरक्षा-नियमांत बसतो असं सांगणारी) बघा, नुसतं चमकणारं मांजर किंवा हृदय म्हणजे किचेन असू शकतं.

लावायचा कुठे? छातीवर मिरवायला नको. डिपरचा झोत खाली पडतो, म्हणून जागा गुडघ्याची. त्याहून उत्तम घोटे, कारण घोटे हलतात आणि दोन ठिपके पुढेमागे होताना दिसले की ड्रायव्हरला क्षणात कळतं, हा खांब नाही, माणूस आहे. पहाटे तळजाईला किंवा वेताळ टेकडीला जाणाऱ्या काकांनी पायाला दोन पट्ट्या गुंडाळल्या तर त्यांच्या टी-शर्टच्या रंगावरून वाद घालायची गरज उरणार नाही. इथली माणसं रिफ्लेक्टर उजव्या बाजूला लावतात ते मात्र आंधळेपणाने उचलू नका. इथे वाहनं उजवीकडून चालतात, पायी माणूस डाव्या कडेने गाड्यांना सामोरा चालतो, आणि गाड्यांकडची बाजू उजवी ठरते. आपल्याकडे उजव्या कडेने सामोरं चालायचं आणि रिफ्लेक्टर डावीकडे. दोन्हीकडे लावला तर प्रश्नच मिटला.

उसाच्या ट्रॉल्यांचं दुखणं निराळं. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटोही छापून येतात. मग ट्रॉली भरते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मागे दोन हात लोंबतात आणि रिफ्लेक्टर त्यांच्याआड. उरलेला चिखलाने माखतो. तो साट्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या सांगाड्यावर, न ठोकता भरलेल्या मोळ्यांवरून लोंबकळणाऱ्या दोरीला बांधला आणि दर खेपेला ओल्या फडक्याने पुसला, तर चालेल.

आणखी एक बारकावा. रिफ्लेक्टर तंतोतंत अचूक असता तर प्रकाश परत हेडलाइटमध्येच गेला असता, ड्रायव्हरला काहीच दिसलं नसतं. म्हणून परतणारा झोत थोडा फाकलेला ठेवतात. कारमध्ये डोळे हेडलाइटच्या अर्धा-पाऊण मीटर वर असतात. १०० मीटरवरून हा फरक एक तृतीयांश अंशाच्या आसपास भरतो, आणि तेवढ्यात झोत जोरदार असतो. ट्रकचा ड्रायव्हर दिव्यांच्या वर दीड मीटर बसतो. त्याच अंतरावर त्याच्या वाट्याला त्याच रिफ्लेक्टरचा बराच कमी उजेड येतो. कारवाल्याला लख्ख दिसलेला माणूस मागच्या ट्रकवाल्यालाही तसाच दिसला, असं धरून रस्ता ओलांडू नये.